रवाना आणि पैवस्तगी

पेशवाईंतील कारभाराच्या पत्रव्यवहाराविषयीं लिहितांना भाषेच्या अडचणीचा उल्लेख प्रथम करण्याचा प्रघात आहे. दरबारी लेखन फारशी शब्दांनीं इतकें भरलें होतें कीं, शिवछत्रपतींस राजव्यवहारकोश सिद्ध करवावा लागला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु पुढील शतकांतील कारभाऱ्यांस हा अडथळा जितका जाणवत असेल, त्याहून तो आम्हां आधुनिकांसच अधिक जाणवतो. हुजूर, इरसाल, तगादा हे शब्द त्या काळच्या कारकुनास मुळींच परके नव्हते. पुण्याच्या फडावर लिहिलेलें पत्र बुंदेलखंडांतील कमाविसदारास अक्षरशः कळे. आणि कळूनहि काम बिघडे. तें कां बिघडे याचा शोध पत्राच्या मजकुरांत पुष्कळदां लागत नाहीं. तो मजकुराबाहेरच्या दोन बारीक टिपांत लागतो.

पत्र निघाल्याची नोंद ती रवाना, व पोंचल्याची नोंद ती पैवस्तगी. पैवस्तगीची टीप पत्र घेणारा कारकून करी. ती एका ओळीची, संक्षिप्त मोडींत, बहुधा कागदाच्या कोपऱ्यांत किंवा पाठीवर असते, व नक्कल करणाराच्या नजरेंतून ती हटकून निसटते. या दोन तिथींमधील अंतर हाच त्या काळच्या कारभाराचा खरा अडथळा होता, असें आमचें मत आहे. पत्र लिहिणारा एका परिस्थितींत लिही, वाचणारा दुसऱ्याच परिस्थितींत वाची, आणि उत्तर पोंचे तों तिसरीच उपस्थित झालेली असे. जासूदजोडी रवाना करणें, महत्त्वाचा मजकूर पुन्हां लिहून दुसऱ्या वाटेनें पाठविणें, असे उपाय होतेच. परंतु नाजूक गोष्ट कागदावर न घालतां ‘जबानी सांगतां कळेल’ एवढेंच लिहावयाचें, ही रीतहि तितकीच रूढ होती. पत्र शत्रूच्या हातीं पडलें तरी गुपित फुटूं नये, हा तिचा हेतु उघड आहे. जासूद वाटेंत पडला, आजारला किंवा त्यानें कमी-जास्त सांगितलें, म्हणजे मात्र धन्याची अर्धी आज्ञा हवेंत विरे, आणि आमच्या हातीं तर ती कधींच येत नाहीं.

याचें मोठें उदाहरण म्हणजे गोविंदपंत बुंदेले यांचें प्रकरण. कै. राजवाडे यांनीं सन १८९८ मध्यें साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हां त्याच्या विस्तृत प्रस्तावनेंत पानिपतच्या अपयशाचा फार मोठा वांटा गोविंदपंतांच्या व मल्हारराव होळकरांच्या माथीं मारला. पुढें इतर अभ्यासकांनीं पंतांची बाजूहि मांडली. भाऊसाहेबांचीं पत्रें एकामागून एक वाचलीं म्हणजे राजवाड्यांचा संताप समजूं शकतो. पैका पाठवा, हिशेब द्या, यमुना उतरण्यास इटाव्याकडे नावा जमवा, शत्रूची रसद मारा, असे तगाद्यावर तगादे त्यांत आहेत. परंतु हीं कामें परस्परांशीं कितपत जुळत होतीं? वसूल करणें तर मुलखांत ठाण मांडून बसलें पाहिजे. रसद मारणें तर मुलूख सोडून स्वारीवर निघालें पाहिजे. नावांचा बेत तर सन १७६० च्या पावसाळ्यांत यमुनेस पूर आल्यामुळें सोडूनच द्यावा लागला. यांतील कोणती आज्ञा पंतांच्या हातीं केव्हां पडली, हें पैवस्तगीवांचून ठरत नाहीं. आणि तें ठरल्यावांचून ‘आज्ञा मोडली’ हा आरोप टिकत नाहीं. पंत निर्दोष होते असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांच्या सुस्तीचे दाखले आहेत. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत अताईखानाच्या छाप्यांत त्यांनीं प्राण दिले, हेंहि विसरतां येत नाहीं.

नानासाहेबांसहि हाच न्याय लावला पाहिजे. सन १७६० च्या आक्टोबर अखेरीस अबदाली बागपताजवळ यमुना उतरून मराठी फौजेच्या व दिल्लीच्या मध्यें आला, व दक्षिणेकडील टपालाचा मार्ग जवळजवळ बंद झाला. २७ डिसेंबर रोजीं पैठणाकडे पेशव्यांनीं लग्न लाविलें, यावरून त्यांस दोष देणारे पुष्कळ आहेत. त्या दिवशीं त्यांच्या हातांत पानिपताहून आलेलें शेवटचें पत्र कोणत्या तिथीचें होतें, हा प्रश्न मात्र थोडेच विचारतात. १४ जानेवारी १७६१ रोजीं घात झाला. ती वार्ता भेलशाच्या सुमारास पेशव्यांस प्रथम कळली ती सावकाराच्या कासिदाजवळील पत्रांतून, मोतीं, मोहरा व खुर्दा यांच्या सांकेतिक भाषेंत, असें ग्रँट डफपासून सांगत आले आहेत. सरकारी डाक थांबली असतां सावकारी कासीद चालत होता, ही गोष्ट त्या संकेतापेक्षांहि आम्हांस अधिक बोलकी वाटते.

आतां संग्राहकांस एक विनंति. आम्हीं पाहिलेल्या कांहीं खासगी संग्रहांत मोडी पत्रें जाड कागदावर पाठीकडून खळीनें चिकटविलेलीं आहेत. शिक्का व मोर्तब चांगले दिसावेत म्हणून हें केलेलें असतें, परंतु पाठीवरची टीप त्यांत कायमची नाहींशी होते. हें नुकसान केवढें होऊं शकतें तें पहा. पानिपतचें साल शुहूर इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे ११६१. शुहूर सनाचा आरंभ मृगास, तर महिने चांद्र. त्यामुळें सवाल महिन्याच्या अखेरचे कांहीं दिवस या एकाच सालांत दोनदां येतात, एकदां जून १७६० च्या पूर्वार्धांत व पुन्हां १७६१ च्या मे-जूनच्या संधींत. अशा तिथीचें, मजकूर त्रोटक असलेलें पत्र भाऊसाहेब उत्तरेच्या वाटेवर असतांचें कीं सर्व नाश होऊन गेल्यानंतरचें, हें तिथि व सन दोन्ही स्पष्ट असूनहि सांगतां येत नाहीं. पैवस्तगी मृगानंतरच्या नव्या सालांतील निघाली, तर पत्र नंतरचें, हा निकाल एका ओळीनें लागतो. चिकटविलेलीं पत्रें जाणत्या माणसाकडून पाण्याच्या वाफेवर सावकाश सोडवून घ्यावीं, व नक्कल करवितांना पाठीकडील प्रत्येक अक्षर, तें लागो वा न लागो, जसेंच्या तसें उतरवून घ्यावें.