कुंपणातली वाट

शमशोनाने तीनशे कोल्हे धरले, ही गोष्ट आमच्या आजोबांना कधी पटली नाही. श्रद्धा त्यांची पक्की होती. वसईतल्या आमच्या नंदाखालचं पवित्र आत्मा चर्च १५७३ सालचं, आणि तिथली रविवारची मिस्सा त्यांनी चुकवलेली कुणी पाहिली नव्हती. पण रात्री रोझरी संपली आणि आजी आम्हा मुलांना शमशोनाचं सांगू लागली की ओट्यावरून त्यांचा आवाज येई, "तीनशे? मला एक धरायला महिना जातो." आजी पुढे सांगत राही. शेपटीला शेपटी बांधली, मध्ये मशाली खोवल्या आणि पलिष्ट्यांची उभी पिकं जाळली. आजोबांचं मन मात्र धरण्यापाशीच अडलेलं असे. कुठे लपला, फास कशाचा केला, वाट कशी ओळखली, हे बायबलमधल्या शास्त्यांच्या पुस्तकात लिहिलेलं नाही आणि त्यांना तेवढंच हवं होतं.

पुष्कळ अभ्यासकांच्या मते शमशोनाचे प्राणी म्हणजे कोल्हेच होते, लहान चणीचं खोकड नव्हे. कारण खोकड एकएकटं राहतं आणि कोल्हे जोडीने, कुटुंबाने. आमच्या वसईच्या ओल्या पट्ट्यातही कोल्हाच. खोकडाला कोरडे, मोकळे माळ लागतात. इथे एका बाजूला समुद्र, दुसरीकडे खाडी, खाजणं, मिठागरं, खारफुटी, आणि मध्ये केळीच्या, पानवेलीच्या, भाजीच्या वाड्या. दिवसा कोल्हा खारफुटीत पडून राही, खेकडे-मासे खाई आणि तिन्हीसांजेनंतर वाड्यांत शिरे. 'कोल्हा काकडीला राजी' हे इतरांना म्हण म्हणून ठाऊक असेल, आमच्याकडे तो रोजचा अनुभव होता. काकडी, कलिंगड, ऊस, गळून पडलेलं पिकलं केळं, काहीही चाले. कोंबड्यांचं खुराडं हे त्याच्या फेरीतलं शेवटचं घर.

आजोबांच्या फासकीत दिसायला विशेष काही नव्हतं. काथ्याच्या दोरीचा सरकता फास, एवढंच. दोरी आधी दोन दिवस बावखलाच्या गाळात बुडवून ठेवायची, म्हणजे माणसाच्या हाताचा वास जातो. बावखल म्हणजे आमच्या वाड्यांतलं जुनं तळं. पावसाचं पाणी त्यात साठे, जमिनीत मुरे आणि विहिरींना गोडं पाणी देई. खरं काम फास लावायच्या आधीचं होतं. वाडीला पाणी सोडलं की दुसऱ्या सकाळी आजोबा पाटाच्या कडेने वाकून चालत. कुत्र्याचं पाऊल फाकलेलं, कोल्ह्याचं निमुळतं. कुत्रा इकडेतिकडे हुंगत भरकटतो, कोल्हा मात्र पहिल्या लोकलला निघालेल्या भाजीवाल्यासारखा सरळ जातो आणि पुढच्या पायाच्या ठशावर मागचा पाय टाकतो. त्याची कुंपणातली फट ठरलेली असते. ती सापडेपर्यंत आजोबा दोरीला हात लावत नसत.

मोठ्या काकांनी मला पुढचं सांगितलं. काका आणि आजोबा आपसांत कादोडी या आमच्या बोलीत बोलत. मी इथे माझ्या भाषेत लिहितो आहे. "फास जमिनीपासून किती उंच, ते बाबा वितीने मोजायचे. खाली झाला तर पाय अडकतो, जनावर रात्रभर ओरडतं, पाय तोडून घेतं. ते त्यांना चालायचं नाही." एकदा एक कोल्हा सकाळी फासात लोळागोळा पडलेला मिळाला. जीभ बाहेर, डोळे अर्धे मिटलेले. आजोबांनी पायाने हलवून पाहिला आणि फास सैल केला. कोल्हा उठला, काकांच्या दोन पायांमधून निघाला आणि त्याच फटीतून पसार झाला. हा प्रसंग आजोबा आयुष्यभर सांगत आणि सांगताना कोल्ह्याचीच बाजू घेत.

इंग्रज साहेबांनी आपल्या देशातल्या खोकडाच्या शिकारीची हौस इथे कोल्ह्यावर भागवली. उटीला घोडे आणि शिकारी कुत्रे घेऊन कोल्ह्यामागे धावणं हा त्यांचा मोठा सोहळा होता. नंदाखालला असल्या खेळाला ना वेळ होता ना जागा. इथलं भांडण शेजाऱ्याचं होतं, कोंबड्यांवरून आणि काकड्यांवरून, आणि त्याला हद्द होती. ईस्टरपासून पहिल्या पावसापर्यंत फासकी काढून ठेवायची, हा आमच्या घरचा नेम. त्या दिवसांत बिळात पिल्लं असतात. नेम आजीने घातला आणि आजोबांनी तो मोडला नाही.

भीती होती ती पिसाळलेल्या कोल्ह्याची. माझे वडील लहान असताना आमच्या आळीतला एक बागायतदार पहाटे केळीचे घड घेऊन स्टेशनकडे निघाला होता. कोल्हा समोरून आला आणि बाजूला न होता थेट पोटरीला चावला. निरोगी कोल्हा माणसाला बघून आडवाटेला जातो, हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे काय झालं ते तिथल्या तिथे कळलं. घड रस्त्यावर टाकून लोकांनी त्याला गाडीत घातलं. विरारपर्यंतची लाइन १९३६ मध्ये विजेवर आली होती, म्हणून तो दुपारच्या आत मुंबईच्या सरकारी दवाखान्यात पोहोचला. लस परळच्या हाफकिन संस्थेत बनलेली. पोटात चौदा इंजेक्शनं, रोज एक. माणूस वाचला. पुढे गावातली मुलं त्याच्या पोटरीवरचा वण पाहायला जात, आणि तोही धोतर वर करून दाखवत असे. २०२४ च्या सप्टेंबरात चेंबूर भागात मेलेल्या कोल्ह्याला रेबीज होता असं तपासणीत निघालं, तेव्हा काकांना हीच घटना आठवली. ते एवढंच म्हणाले, "समोरून आला होता का?"

तो प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. कोल्हा दिसला की आज घबराट होते, मोबाइलवर चित्रफिती फिरतात, कुणी दगड उचलतं. तो कुठून आला, कुठे चालला होता, बाजूला झाला की अंगावर आला, हे पाहायची नजर आमच्या पिढीने हरवली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फासकी बंद झाली ते योग्यच झालं, त्याबद्दल माझ्या मनात किंतू नाही. पण फासकीबरोबर तिच्यामागचं वाकून पाहणंही गेलं. मुंबई महानगर प्रदेशातल्या खारफुटीत अलीकडे कोल्ह्यांचा अभ्यास सुरू झाला आहे. असे अभ्यासक जनावराच्या वाटेवर झाडाला कॅमेरा बांधतात, आणि तो कुठे बांधायचा हे ठरवायला त्यांनाही आधी चिखलातली पावलंच वाचावी लागतात.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईतल्या जमिनी इमारतींसाठी मोकळ्या होऊ लागल्या. आमच्याच नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो तेव्हा हरित वसईच्या लढ्यात उभे राहिले. मोर्चे पाणी, झाडं आणि शेतीसाठी होते. कोल्ह्याचं नाव कुणी घेतलं नाही. तरी जे वाचलं त्यात त्याचाही वाटा आहे. बुजवलेल्या प्रत्येक बावखलाबरोबर त्याची पाण्याची एक जागा गेली. काकांचं म्हणणं, कोल्हे कमी झाले तसे नारळावर उंदीर वाढले. ते आयुष्यभर वाडीत राबले आहेत. त्यांची नजर मी हलक्यात घेत नाही.

गेल्या डिसेंबरात मी त्यांना आजोबांच्या वेळच्या फटी दाखवायला सांगितलं. गुडघे दुखत असताना ते वाडीभर फिरले. खाजणाकडची फट सोसायटीच्या भिंतीखाली गेली, रस्त्याकडची गटारात. तिसरी बावखलाच्या कोपऱ्यावर, शेराच्या कुंपणात, अजून तशीच आहे. खाली माती गुळगुळीत झालेली. काका वाकले, बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "जातोय."

चुलतभाऊ यंदा वाडीला पक्की भिंत घालणार आहे. काकांनी त्याला त्या कोपऱ्यावर दोन हात जागा मोकळी सोडायला सांगितलं आहे. गवंडी म्हणतो, मग भिंत कशाला? चुलतभावाने अजून उत्तर दिलेलं नाही. मी त्याला दर रविवारी मिस्सानंतर गाठतो आणि काकांचंच म्हणणं पुन्हा सांगतो.