एक शिटी पुढून, एक शिटी मागून

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत नातवाने मला एक इंग्रजी बालचित्रपट पाहायला बसवले. 'थॉमस अँड द मॅजिक रेलरोड' हे त्याचे नाव. २००० साली आलेला हा चित्रपट ब्रिट ऑलक्रॉफ्ट यांनी दिग्दर्शित केला होता. त्यातली इंजिने बोलतात, रुसतात, घाबरतात. 'लेडी' नावाचे एक जादूचे इंजिन हरवलेले असते आणि वाफेच्या इंजिनांचा नायनाट करायला निघालेले एक दुष्ट डिझेल इंजिन तिच्या मागावर असते. समीक्षकांनी हा चित्रपट फारसा उचलून धरला नव्हता. नातू मात्र खिळून बसला होता. मधेच त्याने विचारले, "आजोबा, गाड्या खरंच बोलतात का रे?"

"बोलतात," मी म्हणालो, "कसाऱ्याला मी ऐकल्या आहेत."

त्याला ती थाप वाटली. पण ती थाप नव्हती. उलट, या बोलणाऱ्या गाड्यांचा उगम शोधत गेलो तेव्हा विल्टशरमधले एक खेडे आणि आपला शहापूर तालुका एकाच गोष्टीची दोन टोके निघाली.

थॉमसच्या गोष्टी रेव्हरंड विल्बर्ट ऑड्री या इंग्रज पाद्र्याच्या. मुलगा ख्रिस्तोफर गोवराने आजारी पडला, त्याच्या उशाशी बसून त्यांनी त्या सांगायला सुरुवात केली आणि १९४५ साली त्यांचे पहिले पुस्तक निघाले. पण बीज त्याही आधीचे होते. ऑड्रींचे बालपण ज्या बॉक्स गावात गेले, तिथे ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा चढ होता. जड मालगाडीला तो एकटीने चढवत नसे. मागून ढकलायला दुसरे इंजिन लावत. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या तो मुलगा ऐके : पुढचे इंजिन शिटी देई, मागचे उत्तर देई, मग दोघांचे धापा टाकत चढणे सुरू होई. त्या धापांत आणि शिट्यांत त्याला संवाद ऐकू येऊ लागला. पहिल्याच पुस्तकात चढावर अडकलेल्या गर्विष्ठ गॉर्डनला साधासुधा एडवर्ड मागून ढकलतो. ती गोष्ट सरळ या रात्रींतून आलेली आहे.

बॉक्सचा चढ होता शंभरास एक, म्हणजे शंभर फूट गेल्यावर एक फूट उंची. आपल्या कसारा घाटाचा, म्हणजे रेल्वेच्या कागदांतल्या थळ घाटाचा, चढ आहे सदतीसास एक. जवळजवळ तिप्पट उभा.

हा मार्ग शहापूर तालुक्यात टप्प्याटप्प्याने शिरला. १८५५ साली रूळ कल्याणहून वाशिंदला आले, १८६० साली आसनगावला आणि १८६१ साली कसाऱ्याला. तिथे सह्याद्री आडवा आला. कसारा ते इगतपुरी हे सुमारे पंधरा किलोमीटरचे आणि जवळपास तीनशे मीटर उंचीचे अंतर बांधायला आणखी चार वर्षे लागली. तेरा बोगदे खणावे लागले, दऱ्यांवर पूल घालावे लागले. १ जानेवारी १८६५ रोजी घाट खुला झाला. मुख्य अभियंता जेम्स बर्कले तो पाहायला उरला नव्हता. तो १८६२ सालीच वारला. थळ आणि बोर या दोन्ही घाटांच्या कामावर हजारो मजूर राबत होते. पटकीने आणि सुरुंगांच्या अपघातांनी त्यांतले कित्येक तिथेच राहिले. बर्कलेचे नाव इतिहासात आहे, त्यांची नावे नाहीत.

वर चढणाऱ्या गाडीला कसाऱ्यात मागून जादा इंजिने जोडतात. त्यांना बँकर म्हणतात. त्यांची दोन कामे : एक ढकलणे, दुसरे राखण करणे. चढावर मधली साखळी तुटली तर मागचे डबे उताराला लागू नयेत म्हणून बँकर पाठीशी असतो. पण पुढचा चालक आणि मागचा चालक यांच्यामध्ये अख्खी गाडी, वळणे आणि बोगदे. एकमेकांना ते दिसत नाहीत. मग बोलायचे कसे? शिटीने. रेल्वेच्या नियमपुस्तकात ही भाषा नेमून दिलेली आहे. निघण्याआधी पुढून एक छोटी शिटी : मी तयार. मागून तशीच एक छोटी : मीही तयार. तीन छोट्या म्हणजे ब्रेक लाव. बोगद्यापूर्वी एक लांबलचक. आता चालकांच्या हाती वॉकीटॉकी आले आहेत. त्याआधी मात्र या शिट्यांवर माणसांचे जीव टांगलेले असत.

माझे आतोबा कसाऱ्याला रेल्वेत गँगमन होते. सुट्टीत मी आत्याकडे जाई. रेल्वेच्या चाळीत रात्री पुढची शिटी झाली की आतोबा बोट वर करून म्हणत, "थांब, आता मागचा बोलंल." मागचा बोले. उत्तराला उशीर झाला तर आतोबा उठून बसत. आम्हा पोरांना ती गंमत वाटे, पण त्यांचे कान कामावरच असत. घाटाखालच्या पाड्यांवरची ठाकरांची, कातकऱ्यांची, महादेव कोळ्यांची मुलेही हेच ऐकत वाढली. बॉक्स गावातल्या त्या मुलाहून त्यांच्या कानांवर हा संवाद अधिक पडला असेल, कारण इथे चढ मोठा आणि वाहतूकही मोठी.

मग आपल्याकडे एडवर्ड-गॉर्डनची गोष्ट का झाली नाही?

एक उत्तर मला असे दिसते. मराठी बालगीतांतली आगगाडी ही बहुधा प्रवाशाची आगगाडी आहे. ती मामाच्या गावी नेते, खिडकीतून झाडे पळताना दाखवते. तिचा आवाज आहे, पण तिला बोलणे नाही. गाडीचे बोलणे आत बसलेल्याला कळत नाही. ते रुळांच्या कडेला राहणाऱ्याला कळते. लिहिणारे डब्यात बसून घाट ओलांडून गेले. ऐकणारे खाली राहिले, आणि त्यांच्या हाती लेखणी पोचायला फार उशीर झाला.

तरी त्यांनी काहीच निर्माण केले नाही असे म्हणणे चुकीचे ठरेल. १९३०च्या सुमारास कल्याण-इगतपुरी मार्गावर वीज आली आणि घाटातली वाफेची इंजिने मागे हटली. त्यांच्या जागी १९२८पासून जी.आय.पी. रेल्वेने आणलेली लांब नाकाडांची विजेची इंजिने मालगाड्या ओढू लागली. स्वित्झर्लंड आणि इंग्लंडमध्ये बांधलेली ही एकूण ४१ इंजिने होती. कागदावर त्यांचा वर्ग होता ईएफ-१, पुढे डब्ल्यूसीजी-१. रेल्वेच्या कामगारांनी त्यांना नाव दिले 'खेकडा'. उभे असताना ते विचित्र कण्हत आणि चालताना त्याच्या दांड्यांचा सपसप आवाज येई, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. त्यांतले 'सर लेस्ली विल्सन' हे इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जपून ठेवले आहे. त्याच्यावर गव्हर्नराचे नाव आहे, पण रेल्वेवाल्यांच्या तोंडी राहिला तो खेकडाच.

नातवाच्या चित्रपटातल्या त्या दुष्ट डिझेलच्या टपावर एक मोठी नांगी आहे. ती पाहून मला हसू फुटले. वाफेला हुसकावणाऱ्या नव्या यंत्राला तिकडच्या कल्पनेने नांगी दिली. आपल्या कामगारांनी तशाच नव्या यंत्राला सत्तर वर्षे आधी खेकडा म्हटले होते. फरक इतकाच की आपल्या खेकड्याला त्यांनी खलनायक केले नाही. तो कण्हत कण्हत त्यांच्याबरोबर काम करत राहिला.

आता माझ्या स्वतःच्या तालुक्याविषयी. मी मुरबाडचा. आमच्या गावी गाडीची शिटी कधी ऐकू आली नाही. आणि तरीही घाटाची सगळ्यात जुनी वाट आमच्याच तालुक्यातून वर जाते. सातवाहनांच्या काळी कल्याण बंदराचा माल वैशाखऱ्यावरून नाणेघाटाने जुन्नरला चढत असे. १८४०च्या दशकात रेल्वेची आखणी सुरू झाली तेव्हाही आधी नजर गेली होती ती शेजारच्या माळशेज घाटावर. ती वाट धरली असती तर रूळ मुरबाडवरून गेले असते. पाहणीअंती माळशेजचा चढ रेल्वेला झेपणारा नाही असे ठरले आणि मार्ग उत्तरेला थळकडे वळला. त्या एका निर्णयाने शेजारशेजारच्या दोन तालुक्यांची बालपणे वेगळी झाली. शहापूरची मुले इंजिनांच्या गप्पा ऐकत झोपली. मुरबाडची मुले गाडी बघायला एसटीने कल्याणला गेली. कल्याण-मुरबाड रेल्वेची मागणी पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. निवडणूक आली की तिची शिटी तेवढी ऐकू येते.

दिवाळीनंतर नातवाला मी कसाऱ्याला घेऊन जाणार आहे. बँकर जोडला जाईल त्या टोकाशी आम्ही उभे राहू. तो काय ऐकेल ते त्याचे त्याने ठरवावे. माझी अट एकच आहे : ऐकलेले त्याने घरी येऊन मराठीत लिहून काढायचे. आतोबांना ते जमले नाही, मला सुचले नाही.