टायटॅनियमचा दात आणि झोपेतला जबडा

मूल झोपेत करकर दात खाऊ लागलं की आजीचं निदान ठरलेलं: पोटात जंत झालेत. जंतांचं औषध पोटात जातं, करकर काही थांबत नाही. मोठेपणीही सवय टिकली तर दाढांची टोकं झिजून सपाट होतात, एखादी दाढ उभी चिरते. ती काढून तिथे इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेल्या टायटॅनियमच्या स्क्रूवरचा दात, बसवायचं म्हटलं, की डॉक्टर आधी सपाट झालेल्या दाढा न्याहाळतात आणि घरच्यांना विचारतात, ‘रात्री दात खातात का हे?’

या प्रश्नाचं मूळ इम्प्लांटच्या जन्मातच आहे. १९५२ साली स्वीडनमधल्या लुंड इथे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे संशोधक सशाच्या पायाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. दातांशी त्यांचा संबंध नव्हता. हाडात बसवलेलं टायटॅनियमचं महागडं उपकरण पुन्हा वापरायचं म्हणून ते काढायला गेले, तर निघेना. हाड थेट धातूला बिलगून वाढलं होतं. १९६५ मध्ये गोथेनबर्गला योस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात त्यांनी टायटॅनियमचेच स्क्रू बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले, तोवर ते स्क्रू टिकून होते. तरीही दंतवैद्यकाने ब्रोनेमार्कना बरीच वर्षं दारातच उभं ठेवलं. १९८२ च्या टोरांटो परिषदेनंतर कुठे त्यांची पद्धत जगभर मान्य झाली.

पण हाडाशी झालेली ही एकजीव गाठच दात खाणाऱ्याच्या मुळावर येते. आपला दात हाडात रुतलेला नसतो. मुळाभोवतीच्या बारीक तंतूंवर तो तोललेला असतो. दाब आला की किंचित दबतो आणि तंतूंतल्या नसा मेंदूला ‘पुरे’ म्हणून कळवतात. इम्प्लांट म्हणजे पनवेलजवळच्या कर्नाळा किल्ल्याचा सुळका: डोंगराशी सलग, मधे गादी नाही. चावताना नैसर्गिक दात २५ ते १०० मायक्रॉन हलतो, इम्प्लांट जेमतेम ३ ते ५. रात्रीचा दाब मग दुसरीकडे वाट काढतो: कॅपची सिरॅमिक उडते, आतला स्क्रू ढिला होतो, कधी तुटतोही.

म्हणून अशा रुग्णासाठी मांडणीच बदलते. इम्प्लांटची संख्या वाढवतात, शक्य तिथे ती रुंद घेतात. कॅपचा माथा अरुंद नि उंचवटे उथळ ठेवतात. आधाराशिवाय पुढे लटकणारा दात टाळतात. शेवटी रात्री दातांवर घालायची पट्टी, म्हणजे नाईट गार्ड, येतोच.

गंमत अशी, की इम्प्लांट आणि नाईट गार्ड या जोडीत नाईट गार्डच वयाने थोरला. व्हिएन्नाचे दंतवैद्य कारोली यांनी दात खाण्याने होणाऱ्या नुकसानीकडे लक्ष वेधून दातांमध्ये पट्टी घालण्याचा उपाय सुचवला, तो १९०१ च्या सुमारास. सवय तेव्हाही औषधाने सुटत नव्हती, आजही खात्रीने सुटत नाही. नाईट गार्ड ती मोडत नाही, फक्त दाब वाटून घेतो. इम्प्लांटच्या खर्चापुढे त्याची किंमत किरकोळ. तरी आठवडाभर घालून तो डबीत टाकून देणारे पुष्कळ, आणि तुटलेली कॅप घेऊन परत येतात तेही बहुधा तेच.