सी हॉक, द

(१९४०). अभिजात कृष्णधवल अमेरिकन साहसपट. निर्मितिसंस्था वॉर्नर ब्रदर्स. दिग्दर्शन मायकेल कर्टिझ, पटकथा हॉवर्ड कॉच व सीटन मिलर, छायालेखन सोल पोलिटो, कलादिग्दर्शन अँटन ग्रॉट, संगीत एरिक वोल्फगांग कॉर्नगोल्ड. प्रमुख भूमिका : एरल फ्लिन, ब्रेंडा मार्शल, क्लॉड रेन्स, फ्लोरा रॉबसन, हेन्री डॅनियल, ॲलन हेल. लांबी १२७ मिनिटे.

चित्रपटाचे नाव राफाएल सबातिनी यांच्या १९१५ च्या कादंबरीचे आहे. फ्रँक लॉइड यांनी १९२४ मध्ये तिच्यावर मूकपट केला होता. १९४० च्या पटकथेने मात्र नाव तेवढे ठेवून सगळी गोष्ट नवी रचली. काळ १५८५ च्या सुमाराचा. स्पेनचा राजा दुसरा फिलिप इंग्लंडवर पाठवण्यासाठी आरमार उभारतो आहे आणि त्याचा वकील गोड बोलून राणी पहिली एलिझाबेथ हिला गाफील ठेवायला निघाला आहे. राणीचा कप्तान जेफ्री थॉर्प त्या वकिलाचेच जहाज भर समुद्रात बुडवतो आणि वकिलासह त्याच्या भाचीला लंडनला आणून सोडतो. पुढे पनामातील खजिना लुटण्याचा थॉर्पचा बेत फुटतो. तो स्पॅनिश गॅलीवर साखळदंडात वल्हेकरी होतो, तिथून निसटतो आणि फिलिपच्या मनसुब्याचे कागद राणीपर्यंत पोचवतो.

थॉर्पमागे उघडपणे सर फ्रान्सिस ड्रेक उभा आहे. पनामाच्या वाटेवर चांदी वाहणारा खेचरांचा तांडा ड्रेकने १५७३ मध्ये खरोखर लुटला होता, आणि १५८१ मध्ये त्याच्याच जहाजाच्या डेकवर त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली. चित्रपटातील अखेरचा समारंभ त्याचीच आठवण करून देतो. स्पेनच्या लेखी ड्रेक चाचा होता, इंग्लंडच्या लेखी वीर. मराठी वाचकाला हा प्रकार परका वाटू नये. मराठ्यांचे सरखेल कान्होजी आंग्रे यांना इंग्रजांनी आपल्या दप्तरांत चाचाच म्हटले. चित्रपट अर्थातच इंग्लंडच्या बाजूने बोलतो. राणी दरबारात थॉर्पला खडसावते आणि एकांतात त्याच्या मोहिमेला मूक संमती देते, तेवढ्या प्रसंगात मात्र या व्यवहाराचे दुटप्पीपण तो झाकत नाही. फ्लोरा रॉबसन यांची एलिझाबेथ या भूमिकेच्या सर्वोत्तम पडदावतारांपैकी एक आहे. तिच्यात थकवा आहे, धूर्तपणा आहे, आणि थॉर्पविषयीचा जिव्हाळाही लपत नाही.

कर्टिझ व फ्लिन यांचा ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ (१९३८) रंगीत होता. दोन वर्षांनी ‘द सी हॉक’ पुन्हा कृष्णधवल झाला. त्यामागे पैशाचा विचार होता. शिवाय १९२४ चा मूकपट आणि कर्टिझचाच ‘कॅप्टन ब्लड’ (१९३५) यांतील सागरी लढाईचे काही तुकडे त्यामुळे वापरता आले. पण खर्चात हात आखडता घेतला होता असे नव्हे. दोन पूर्ण आकाराची जहाजे पाण्यात उभी करता यावीत म्हणून स्टुडिओत नवा भव्य मंच बांधण्यात आला. काटकसरीपोटी घेतलेल्या कृष्णधवलच्या निर्णयाने चित्रपटाचे भलेच झाले. बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या कर्टिझला सावलीची भाषा अवगत होती. जगाच्या नकाशापुढे उभ्या फिलिपची सावली त्या नकाशावर पसरते, आणि त्याची महत्त्वाकांक्षा सांगायला संवादाची फारशी गरज उरत नाही. पनामाच्या दलदलीचे प्रसंग तपकिरी छटेत छापलेले आहेत. तिथला उकाडा, ताप आणि घुसमट त्या छटेतून अंगावर येते.

अखेरचे द्वंद्व या शैलीची परिसीमा आहे. फितूर मंत्री वुल्फिंगहॅमची भूमिका करणाऱ्या हेन्री डॅनियल यांना तलवारबाजी येत नव्हती, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी त्यांच्या जागी बदली पट्टेबाज लढले. ही उणीव कर्टिझ आणि पोलिटो यांनी प्रकाशयोजनेने भरून काढली. दोन लढवय्ये चौकटीबाहेर जातात आणि त्यांच्या प्रचंड सावल्या भिंतींवर लढत राहतात. मेणबत्त्या छाटल्या जातात, मेजे उलटतात, दालनामागून दालन ओलांडले जाते. चेहऱ्यांपेक्षा सावल्यांनीच जास्त धडकी भरते. साहसपटांतील तलवारयुद्धांची चर्चा आजही या प्रसंगापर्यंत येऊन पोचते.

गॅलीतून सुटकेचा प्रसंग त्याहून सरस आहे. बंदरात नांगरलेल्या जहाजाच्या तळाशी कैदी एकेक साखळी आवाज न करता सोडवतात. बराच वेळ कोणी बोलत नाही. प्रेक्षकही श्वास रोखून बसतो. जहाज मोकळे होऊन शिडे फुगतात तेव्हा खलाशी एकसुरात गाऊ लागतात, आणि इतका वेळ दाबून धरलेला ताण त्या समूहगानात मोकळा होतो. चित्रपटाचे आयुष्य वाढवण्यात कॉर्नगोल्डचा वाटा सर्वांत मोठा मानावा लागेल. लहानपणापासून व्हिएन्नात अलौकिक प्रतिभेचा संगीतकार म्हणून गाजलेला हा ज्यू कलावंत १९३८ च्या सुरुवातीस ‘रॉबिन हूड’च्या संगीतासाठी हॉलिवुडला गेला. त्याच मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि त्याला परतीची वाट उरली नाही. ऑपेरा रचावा तशी त्याने चित्रपटाची स्वररचना केली. प्रत्येक पात्राची स्वतःची धून आहे, आणि संवाद चालू असतानाही वाद्यवृंद कथेचा धागा सोडत नाही. सुरुवातीच्या तुतार्‍यांनीच समुद्र डोळ्यांपुढे उभा राहतो.

चित्रपट ऑगस्ट १९४० मध्ये अमेरिकेत झळकला. फ्रान्स पडला होता, ब्रिटनच्या आकाशात हवाई युद्ध चालू होते आणि अमेरिका अजून तटस्थ होती. जग गिळू पाहणारा फिलिप कोण, हे तेव्हाच्या प्रेक्षकांना सांगावे लागत नव्हते. शेवटी राणी एका माणसाच्या हव्यासापायी लादल्या जाणाऱ्या युद्धाविषयी बोलते, ते सोळाव्या शतकापेक्षा त्या उन्हाळ्याला उद्देशून होते. हा प्रचार आहे, यात शंका नाही. पण आपले घर गमावलेला माणूस संगीताला बसला होता, म्हणून तो पोकळ वाटत नाही. दोन वर्षांनी कर्टिझ, कॉच आणि क्लॉड रेन्स ‘कॅसाब्लांका’साठी पुन्हा एकत्र आले आणि तटस्थ राहावे की लढावे हा प्रश्न त्यांनी वर्तमानकाळात मांडला.

कलादिग्दर्शन, ध्वनी, विशेष दृश्ये व संगीत या चार विभागांत ऑस्करची नामांकने मिळाली, पुरस्कार एकही नाही. युद्धानंतरच्या पुनःप्रदर्शनात चित्रपट कापून आखूड करण्यात आला आणि अनेक वर्षे तीच प्रत फिरत राहिली. १९७२ मध्ये चार्ल्स गेरहार्ट यांनी नॅशनल फिलहार्मोनिककडून कॉर्नगोल्डच्या चित्रपटसंगीताची ध्वनिमुद्रिका करून घेतली; तिचे नावच ‘द सी हॉक’ ठेवले होते. तिच्यामुळे नवी पिढी या संगीताकडे वळली. जॉन विल्यम्स यांच्या ‘स्टार वॉर्स’ (१९७७) मधील तुतार्‍या त्याच घराण्यातल्या आहेत. आता पूर्ण १२७ मिनिटांची प्रत तपकिरी छटेसह उपलब्ध आहे, आणि प्रथमच पाहणाऱ्याने तीच पाहावी. राणीचे अखेरचे भाषण तिच्यात आहे.