नऊ पैशांचा इन्फोसिस

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याचा मेसेज आला. ‘दादा, माझ्या ब्रोकरच्या ॲपवर 1990 पासूनचे भाव आहेत. त्यावर माझी स्ट्रॅटेजी चालवून बघितली, पैसे भरपूर वाढतात. साठवलेले दोन लाख टाकू का?’ मी त्याला लिहिलं, जरा थांब, आधी ते भाव कुठून आलेत ते बघू. आजचा भाग त्याच्यासाठी आहे.

सुरुवात इन्फोसिसपासून करू. 1993 साली कंपनी बाजारात आली तेव्हा शेअर विकला गेला 95 रुपयांना. त्यानंतर 1994, 1997 आणि 1999 ला एकास एक बोनस. 2000 ला शेअरचे दोन तुकडे. 2004 ला एकावर तीन बोनस. मग 2006, 2014, 2015 आणि 2018 ला पुन्हा एकास एक. कॅल्क्युलेटर काढा. सुरुवातीचे 100 शेअर आज होतात 1,02,400. म्हणजे आजच्या हिशेबात 95 रुपयांचा तो भाव होतो साधारण 9 पैसे. पण 1993 साली 9 पैशांत इन्फोसिस कोणीही विकलेला नाही! चार्टवर दिसतो तो नंतर भागाकार करून काढलेला आकडा. तो खोटा नाही, फक्त त्या दिवशीचा भाव नाही. आणि हा भागाकार करताना एखादा बोनस सुटला, की चार्टवर एका रात्रीत शेअर निम्मा झालेला दिसतो आणि तुमची स्ट्रॅटेजी त्याला ‘क्रॅश’ समजून खरेदी करत सुटते. डीमर्जरचंही तसंच. जुलै 2023 मध्ये रिलायन्समधून जिओ फायनान्शियल वेगळी झाली, तेव्हा रिलायन्सच्या भावातून 261 रुपये 85 पैसे बाजूला निघाले. मागचे भाव त्या हिशेबाने खाली आणले नसतील, तर ती पडझडच वाटणार.

ही झाली गणिताची भानगड, ती दुरुस्त करता येते. दुसरी भानगड जुनी आहे, आणि मला जास्त रस तिच्यात आहे.

नोव्हेंबर 1994 मध्ये एनएसईवर स्क्रीनवरून शेअरचे सौदे सुरू झाले, आणि मार्च 1995 मध्ये बीएसईची ‘बोल्ट’ ही सिस्टीम आली. त्याआधी दलाल स्ट्रीटवर रिंग होती. माणसं उभी राहून ओरडायची, हातवारे करायची, सौदा वहीत खरडायची. सौदा किती वाजून किती मिनिटांनी झाला, हे त्या वहीत नसायचं. बाजार दिवसाच्या शेवटी भावयादी काढायचा, तीत उघडता, उंच, नीच आणि बंद असे चार आकडे. बस्स.

माझ्या मामांच्या कपाटात त्या काळची कॉन्ट्रॅक्ट नोट्सची एक फाईल आहे. मामा डोंबिवलीहून फोन करून ऑर्डर द्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी पेपरातल्या भावाशी नोट ताडून बघायचे. खरेदी असली की भाव दिवसाच्या उंच टोकाजवळ, विक्री असली की नीच टोकाजवळ. दर वेळी! ‘आपलं नशीबच तसं,’ म्हणायचे. नशीब कसलं? वेळ नोंदवलेली नसल्यामुळे भांडायला पुरावाच नव्हता. आजच्या नोटवर ऑर्डर नंबर, ट्रेड नंबर, सेकंदापर्यंत वेळ असते. तेव्हा ब्रोकर सांगेल तोच भाव.

त्यात बदला होता. मोठ्या शेअर्सचे सौदे रोजच्या रोज मिटायचे नाहीत, पैसे न देता पुढच्या सेटलमेंटमध्ये ढकलता यायचे. म्हणजे भावात उधारीचं व्याजही मिसळलेलं. आजच्या रोख भावाशेजारी तो आकडा ठेवला, की सारखाच दिसतो. तो सारखा नाही.

सेन्सेक्सचंही सांगतो. तो सुरू झाला 1986 मध्ये, पण आधारवर्ष 1978-79 धरलं, 100 अंकांवर. मधली सगळी वर्षं मागाहून मोजलेली. 1986 च्या त्या तीस कंपन्यांमध्ये पद्मिनीवाली प्रीमियर ऑटोमोबाइल्स होती, ॲम्बेसेडरवाली हिंदुस्थान मोटर्स होती. तुमचं ॲप टेस्ट करताना आजच्या यादीतले शेअर घेऊन मागे जात असेल, तर या दोघी त्यात नाहीत. हरलेले आधीच वगळून शर्यत लावली, तर जिंकायला काय लागतं?

आणि हे आकडे ब्रोकरने स्वतः जपून ठेवलेले असतात असंही नाही. ते बहुतेक वेळा एक्सचेंजकडून किंवा डेटा विकणाऱ्या कंपन्यांकडून येतात. ब्रोकरची कमाई तुमच्या सौद्यांवर. 1991 चा एक आकडा चुकला म्हणून त्याचं काहीच अडत नाही.

त्या मित्राला मी तीन गोष्टी सांगितल्या. टेस्ट 1996 पासून चालव. बंद पडलेल्या कंपन्या यादीत आहेत का ते ब्रोकरला ईमेल करून विचार. आणि चार-पाच शेअर्सचे बोनसच्या तारखांचे भाव एक्सचेंजच्या साइटवर जाऊन स्वतः ताडून बघ. परवा त्याचा रिप्लाय आला. 1996 पासून चालवल्यावर नफा निम्म्याहून कमी झाला, आणि ईमेलला अजून उत्तर आलेलं नाही.