प्लॅनआधी फेरफार

मंडळी, खालापूरला जमीन घेतोय, इसार दिलाय. पुढे घर, मागे बाबांचं वेल्डिंगचं वर्कशॉप, असा प्लॅन मी लॅपटॉपवर काढलाही. मग जुना फेरफार वाचला: कृषक दिन, 1 एप्रिल 1957, कूळ मालक झालं.

हा दिवस फुकट नाही आला, बरं का. याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, अलिबागजवळच्या चरीच्या कुळांनी 1933 ते 1939 खोतांची जमीन कसलीच नाही. सहा वर्षं! पुढारी नारायण नागू पाटील, पाठीशी बाबासाहेब आंबेडकर. पुढे 1948 चा कूळकायदा आला. त्याचंच कलम 43: अशी जमीन परवानगी किंवा नजराण्याशिवाय विकता येत नाही.

विकणाऱ्या काकांनी नजराणा भरलाय का? आम्ही विचारलंच नव्हतं. उद्या बाबा तलाठ्याकडे जातायत.