२८.८ मिलिमीटर: एका लेन्सच्या आट्यांची गोष्ट

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना आलेले ‘ॲक्चुअली’ आणि ‘म्हणजे कसंय ना’ जमतील तेवढे काढलेत.)

मी माणमधून बोलतोय. साताऱ्याचा माण तालुका नाही हं, मुळशीतलं माण, हिंजवडी फेज थ्रीच्या शेजारचं. सोमवार ते शुक्रवार कोड लिहितो आणि सुट्टीच्या दिवशी जुने फिल्म कॅमेरे उघडून बसतो.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारलाय: घरात किंवा जुन्या बाजारात जुना कॅमेरा मिळाला, तर त्याला दुसरी लेन्स लावता येते का? याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यात देता आलं असतं. पण त्यामागे एका मापाचा शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो माहीत असला की तुमचे पैसेही वाचतील आणि कॅमेराही वाचेल.

दोन खिडक्या, एक चित्र

आधी रेंजफाइंडर म्हणजे काय ते बघू. डीएसएलआरमध्ये लेन्समधून येणारं चित्र आरशावरून तुमच्या डोळ्याकडे येतं. रेंजफाइंडरमध्ये आरसाच नसतो. कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला एकमेकींपासून थोड्या अंतरावर दोन खिडक्या असतात. त्यांतून आलेली दोन चित्रं तुम्हाला एकावर एक दिसतात. लेन्स फिरवत गेलात की ती सरकतात, आणि जिथे दोन्ही तंतोतंत जुळतात तिथे फोकस.

आता गंमत बघा. तुमचा डोळा लेन्समधून बघतच नाहीये. मग लेन्स किती पुढे सरकली हे कॅमेऱ्याला कळतं कसं? लेन्सच्या मागच्या कडेला एक छोटी दांडी टेकलेली असते. लेन्स सरकली की दांडी ढकलली जाते आणि खिडकीतलं चित्र हलतं. सगळा कारभार विश्वासावर! लेन्स आणि कॅमेरा यांचं माप एकच असेल तरच हा विश्वास खरा ठरतो.

वेट्झलरचे आटे

जर्मनीतल्या वेट्झलर गावी लाइट्झ नावाची मायक्रोस्कोप बनवणारी कंपनी होती. तिथल्या ऑस्कर बार्नाक यांनी सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म वापरणारा छोटा कॅमेरा तयार केला. १९२५ मध्ये तो ‘लायका’ नावानं बाजारात आला. त्याची लेन्स पक्की बसवलेली होती. १९३० मध्ये लेन्स काढता येऊ लागली, पण प्रत्येक कॅमेऱ्याला त्याच्यासाठीच जुळवलेल्या लेन्सा घ्याव्या लागत. म्हणजे मित्राची लेन्स उसनी आणली तर फोकसची हमी नाही.

१९३१ मध्ये लाइट्झनं माप पक्कं केलं. लेन्स जिथे बसते त्या कड्यापासून फिल्मपर्यंतचं अंतर २८.८ मिलिमीटर. आटे ३९ मिलिमीटर व्यासाचे, इंचाला २६. जर्मन कंपनी आणि इंचातले आटे? कारण मायक्रोस्कोपच्या धंद्यात व्हिटवर्थ हे इंग्रजी आटे रुळलेले होते. १९३२ मध्ये लायका टू आला, आणि त्यात रेंजफाइंडर लेन्सशी जोडलेला होता.

त्याच वर्षी झाइस आयकॉननं कॉन्टॅक्स काढला. लेन्स बसवायची पद्धत वेगळी, मापं वेगळी. या दुसऱ्या घराण्याकडे आपण थोड्या वेळानं परत येऊ.

खार्कीव, टोकियो आणि एक मिलिमीटर

युक्रेनमधल्या खार्कीवजवळ बेवारस मुलांसाठी एक कम्यून होती. प्रसिद्ध शिक्षणतज्ज्ञ अंतोन माकारेंको तिथे काम करत. ही मुलं आधी इलेक्ट्रिक ड्रिल बनवायची. १९३४ पासून त्यांनी लायका टूची हुबेहूब नक्कल बनवायला घेतली. नाव ‘फेड’, म्हणजे फेलिक्स एडमुंडोविच झेर्झिन्स्की यांची आद्याक्षरं. कम्यूनला त्यांचंच नाव होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कला याच वंशातला ‘झोर्की’ बनू लागला.

जपानमध्येही तेच. कॅनन आणि निप्पॉन कोगाकू, म्हणजे आजची निकॉन, या कंपन्यांनी लायकाच्या आट्यांच्या लेन्सा बनवल्या. १९५० मध्ये ‘लाइफ’ मासिकाचे फोटोग्राफर डेव्हिड डग्लस डंकन टोकियोत होते. त्यांचे जपानी सहकारी जुन मिकी यांच्याकडची ८५ मिलिमीटरची निक्कोर लेन्स पाहून ते थक्क झाले. लवकरच कोरियाचं युद्ध सुरू झालं, आणि डंकन आपल्या जर्मन कॅमेऱ्यावर जपानी लेन्स लावून रणांगणावर गेले. तोवर जपानी माल म्हणजे स्वस्त नक्कल, असंच पाश्चात्त्य बाजारात मानलं जायचं. तो समज मोडण्यात या फोटोंचा मोठा वाटा आहे.

१९५४ मध्ये लायकानं एम-थ्री काढला आणि आटे सोडून पटकन बसणारा बॅयोनेट माउंट आणला. पण अंतर ठेवलं २७.८ मिलिमीटर, म्हणजे जुन्यापेक्षा बरोब्बर १ मिलिमीटर कमी. त्यामुळे १ मिलिमीटर जाडीचं कडं मध्ये बसवलं की जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चालते. सॉफ्टवेअरमध्ये याला आपण बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी म्हणतो. वेट्झलरच्या लोकांनी ती पितळेत करून ठेवली होती.

आटे बसले, पण लेन्स बसली का?

आता सगळ्यात कामाचा भाग. तीन सापळे सांगतो.

पहिला सापळा झेनिटचा. १९५२ मध्ये झोर्कीत आरसा बसवून झेनिट हा एसएलआर तयार झाला. आट्यांचा व्यास तोच, ३९ मिलिमीटर. पण आरशाला जागा हवी, म्हणून फिल्मपर्यंतचं अंतर ४५.२ मिलिमीटर. ही लेन्स झोर्कीवर छान फिरून बसते, आणि एकही फोटो शार्प येत नाही, कारण ती १६.४ मिलिमीटर जास्त आत असते. मध्ये कडं घालून अंतर भरलं तरी मागची दांडी कामाची नाही. अंतर अंदाजानं लावावं लागतं.

दुसरा सापळा आट्यांचा. इंचाला २६ आटे म्हणजे दोन आट्यांत ०.९७७ मिलिमीटर. सुरुवातीच्या सोव्हिएत कॅमेऱ्यांत तो सरळ १ मिलिमीटर होता. एका फेऱ्यात फरक जेमतेम ०.०२३, पण तीन-चार फेऱ्यांनंतर लेन्स कडक जाऊ लागते. तिथे जोर लावायचा नाही, थांबायचं.

तिसरा सापळा सगळ्यात सूक्ष्म. युद्धानंतर झाइसच्या सोनार लेन्सांचं तंत्र सोव्हिएत कारखान्यांकडे गेलं. त्यातून ज्युपिटर लेन्सा आल्या, आणि त्या लायकाच्या आट्यांतही मिळू लागल्या. पण लायका ‘५० मिलिमीटर’ म्हणतो तेव्हा हिशोबात ५१.६ धरतो, आणि कॉन्टॅक्स घराणं ५२.४. लांबच्या डोंगराचा फोटो दोन्हीकडे ठीक येतो. जवळ आलात की गडबड होते. मी गणित करून पाहिलं: १ मीटरवर लेन्स सुमारे ०.०९ मिलिमीटर कमी पुढे येते आणि फोकस जवळजवळ ३ सेंटीमीटर मागे जातो. एफ २ वर पोर्ट्रेट काढताना डोळ्यांवर लावलेला फोकस कानशिलाकडे सरकतो. हौशी लोक यावर शिम घालतात, म्हणजे पातळ चकती, कधी कधी साधा कागद. पण शिमनं एका अंतराला फोकस जुळवला की दुसरीकडे थोडा सुटतोच.

माझ्याकडे एक झोर्की-४ आहे. चाकणला एका सुट्या भागांच्या कंपनीत क्वालिटीला असलेल्या मित्रानं त्याचं अंतर डेप्थ मायक्रोमीटरनं चार ठिकाणी मोजलं. तीन ठिकाणी माप जुळलं, चौथ्या ठिकाणी तीन शतांश मिलिमीटर कमी भरलं. माउंटच्या कड्याखाली कारखान्यानंच घातलेले कागदी शिम होते, त्यातला एक एका बाजूनं झिजला होता. मित्र म्हणाला, “अरे, हे तर आमचं रोजचंच काम आहे.” भोसरी-चाकणच्या शेडमधल्या टर्नरला शतांशाची किंमत सांगावी लागत नाही. कडं करून घ्यायला गेलात तर तो आधी विचारेल, आटे इंचातले की मिलिमीटरमधले?

ही कारागिरी आपल्याकडे कालची नाही. कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवायचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी दामल्यांच्या साथीनं १९१८ च्या सुमारास कॅमेरा पुरा केला. १९२० चा ‘सैरंध्री’ त्यातूनच उभा राहिला. विलायती यंत्र समजून घ्यायचं आणि इथे घडवायचं, हे लायका बाजारात यायच्या आधीच आपण करून बसलो होतो.

घरातल्या कॅमेऱ्याचं काय?

खरं सांगायचं तर माळ्यावर लायका सापडण्याची शक्यता कमीच. सापडेल तो बहुतेक आग्फा क्लिक थ्री किंवा यशिका इलेक्ट्रो ३५. क्लिक थ्री हा बडोद्यात बनणारा साधा डबा कॅमेरा, लेन्स पक्की. इलेक्ट्रो ३५ हा १९६६ चा खराखुरा रेंजफाइंडर, ४५ मिलिमीटर एफ १.७ ची सुंदर लेन्स, पण तीही पक्की. ती उपटायचा प्रयत्न करू नका. त्याचा खरा प्रश्न बॅटरीचा आहे. मूळची ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी आता बनत नाही. ६ व्होल्टची छोटी बॅटरी, उरलेल्या जागेत स्प्रिंग किंवा तयार ॲडॅप्टर, एवढ्यावर कॅमेरा पुन्हा चालतो.

बाजारातून घेणार असाल तर अजून एक. सोन्याचा मुलामा आणि नाझी चिन्हं असलेला ‘लायका’ स्वस्तात दिसला, तर तो जवळजवळ नक्कीच रंगरंगोटी केलेला फेड किंवा झोर्की असतो. लेन्स काढा आणि आतली दांडी बघा. लायकात तिच्या टोकाला गोल चाक असतं, सोव्हिएत कॅमेऱ्यात पाचरीसारखं टोक. झोर्की म्हणून घ्यायचा असेल तर खुशाल घ्या, लायकाचे पैसे देऊ नका.

घासू नका, कडं घाला

मी स्वतः एकच नियम पाळतो: जे उलटं करता येणार नाही, ते करायचं नाही. मध्ये घातलेलं कडं काढता येतं. कानसीनं घासलेला माउंट परत येत नाही. आज आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांमुळे जुन्या लेन्सांना मागणी आली आहे. सोनीच्या ई माउंटचं अंतर १८ मिलिमीटर, म्हणजे १०.८ मिलिमीटरच्या ॲडॅप्टरवर १९३० च्या दशकातली लेन्स चालते. याचा दुसरा परिणाम असा की लेन्स काढून घेतात आणि कॅमेरा शोपीस म्हणून कॅफेच्या भिंतीवर जातो. लेन्स नवीनही मिळते: २००० मध्ये कोसिनानं याच आट्यांचा बेसा-आर काढला, २०१६ मध्ये क्रास्नोगोर्स्कलाच ज्युपिटर-३ पुन्हा बनली. शटरचा पडदा बदलणारे हात मात्र असे पुन्हा बनत नाहीत. आपल्या शहरातले कॅमेरा दुरुस्त करणारे बहुतेक काका साठीच्या पुढचे आहेत, आणि त्यांच्या स्टुलाशेजारी शिकाऊ मुलगा मला क्वचितच दिसतो.

म्हणून या आठवड्यात एक करा. माळ्यावरचा कॅमेरा खाली काढा, नाव आणि लेन्सवरचे आकडे वाचा, आणि जवळच्या दुरुस्तीवाल्या काकांकडे घेऊन जा. सर्व्हिसिंगला टाका, आणि त्यांची हरकत नसेल तर शेजारी बसून ते काय उघडतात ते बघा. कॅमेऱ्याचे फोटो मला पाठवा. लेन्स बदलता येते की नाही ते मी सांगतो.

पुढच्या एपिसोडमध्ये शटरबद्दल बोलू. तोपर्यंत, आटा कडक लागला तर जोर लावू नका!